जावक

स्क्रू खाऱ्या हवेने गंजून भोकातच रुतलेले.
दापोलीहून आलेल्या तौफिकचा पेचकस फिरेना,
तेव्हा इंजिनाच्या डब्यातलं तेल दिलं, दोन थेंब.
झाकण निघालं. आत कोळ्याचं जाळं,
आठ पायांच्या कोळ्याचं,
आणि की-बोर्डखाली जिताड्याचं एक खवलं,
कुणाच्या बोटाला चिकटून कुठल्या साली आलेलं.

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचा हा संगणक
आणि मी, बरोबरच लागलो कामाला.
त्याची आज बदली. माझी नाही.

डिझेलचा कोटा, बर्फाची बिलं, जाळ्यांचं अनुदान,
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन,
नवीन फोल्डर दोन खरा.
हिरवी पट्टी सरकते. उरलेला वेळ चार तास.
मग अकरा मिनिटं. मग दोन दिवस.
"हा खलाशांसारखाच सांगतो," तौफिक म्हणाला.

"आवक सर्व्हर काय टाकू?"
मी आवकची वही पुढे केली. तो हसला.
"पोर्ट?"
"हर्णै."
"नंबर, मॅडम."

पासवर्डच्या जागी नुसते आठ ठिपके.
नथूकाका चोगल्यांना पनवेलला फोन लावला,
जुने सेक्रेटरी. कुजबुजले, "सून हाय घरात. मागनं करतो."
जिन्याखाली उतरून मग एकेक अक्षर सांगितलं.
बाईचं नाव होतं. काकींचं नव्हे.
नव्या यंत्राचं मत : पासवर्ड कमकुवत.
एवढ्या वर्षांत कुणाला फुटला नाही.

साडेचारला वाळूवर लिलाव सुरू झाला
आणि आत ईमेल जोडलं गेलं.
चारशे पत्रं आली.
एक गेलं.
कुणी न पाठवता, आपसूक.

तारीख बघितली. त्या नोव्हेंबरची, वादळाच्या रात्रीची.
नोकरीला तेव्हा दोन महिने झालेले.
"महोदय, नौका भागीरथी, सात इसम,
तीन दिवस संपर्क नाही, तातडीने शोध घ्यावा."
खाली सात नावं.
पाठवा दाबलं आणि तारा तुटल्या. अकरा दिवस अंधार.
बायका दारात येऊन विचारायच्या, "गेलं का गं पत्र?"
"गेलं," म्हणायचे मी. मला तसंच वाटायचं.

पाचव्या दिवशी भागीरथी स्वतःच आली,
जयगडच्या खाडीत लपून राहिलेली,
भिजलेला तांदूळ आणि दाढी वाढलेली माणसं घेऊन.
पत्राची कुणाला आठवण?

आज सकाळी रत्नागिरीहून फोन. आवाज नवा, घाबरलेला.
"मॅडम, ते सात इसम?"
खिडकी उघडली. गजानन दोरकुळकर
कोळंबीच्या ढिगाशी उभा, बोली ओरडतोय.
"आले, साहेब."
"कधी?"
काय सांगू. पांडुरंग कतारला गेला.
काशिनाथ पर्यटकांना किल्ला दाखवतो, पाणी नको म्हणतो.
यशवंत पावसे काविळीने गेला, जमिनीवर, अंथरुणात.
दोघं नेपाळी पोरं आपल्या मुलखात परतली,
गावाचं नाव विचारायचं राहिलं.
"हे सहा झाले," साहेब म्हणाले. "आणि वसंत?"

बोटीवर वसंत कुणी नव्हता.
हसन होता. त्या रात्री फोन खरखरत होता,
बाहेर माड मोडत होते,
मी ऐकलं ते लिहिलं.
हसन आता सोमवार-गुरुवार डायलिसिसला जातो,
एसटीत खिडकीची जागा धरून.
पण वसंत?
तो कधी निघालाच नाही, तर परत कुठून येणार?

"लेखी द्या," साहेब म्हणाले.

जावकच्या वहीत नवं पान उघडलं.
इन्व्हर्टरचा दिवा हिरवा आहे, आधी बघून घेतलं.
विषय : सात इसम सुखरूप परत आल्याबाबत.
सहा नावं टाईप केली. मग हसन.
मग हसन खोडला,
आणि वसंतला किनाऱ्याला लावलं.